पाण्यात दुखत नाही

पाण्याखाली गेलं की ते वर सरकायचं. त्या वर्षी यनसिलच्या नशिबाला एवढं एकच सुख आलं होतं, आणि तेही असं की चारचौघींत तोंडातून काढायची सोय नाही.

डोकं खाली, पाय वर करून तिने बुडी घेतली की आधी कानात कळ यायची. मग थंडगार हिरवं पाणी चारी बाजूंनी अंगाला भिडायचं, आणि जमिनीवर असताना मांड्यांच्या मधे लोंबणारं, चालताना घासणारं, बसताना दाबलं जाणारं ते जे काय होतं ते आपसूक आत जायचं. कंबर हलकी व्हायची. खडकाला चिकटलेले शिंपले लोखंडी पट्टीने उचकटताना तिला वाटायचं, आपल्याला काही झालेलंच नाही. मग छातीत जाळ उठायचा आणि वर यावंच लागायचं. वर आली की जेजू बेटाच्या किनाऱ्यावरची प्रत्येक पाणबुडी बाई सोडते तशी लांब शीळ तोंडातून सोडायची, हवा भरून घ्यायची आणि लगेच परत खाली. बाकीच्या बायका आपापल्या तरंगत्या बोयावर हात टाकून जरा दम खात, चार शब्द बोलत. यनसिलला दम खायचा नव्हता. बोयाला लटकलं की ते परत खाली यायचं.

"तेइम, तुझी वहिनी हावरी झाली गं," म्हातारी दोक्सुन एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तेइम हसली. ती यनसिलची नणंद, जिभेला हाड नसलेली, पण मनाने साफ. यनसिलच्या मात्र काळजात चर्र झालं. पाण्यात उतरणाऱ्या बाईला चोर म्हणा, सटवी म्हणा, ती उलट दोन शिव्या हासडेल आणि विसरून जाईल. हावरी म्हणू नये. अजून एकच शिंपला, अजून एकच, असं करत जी खाली रेंगाळते तिच्या नाकातोंडात पाणी जातं आणि मग घरच्यांना तिचा बोया तेवढा मिळतो. त्या गावात बुडालेल्या प्रत्येक बाईच्या मागे लोक हाच शब्द बोलले होते.

मिसुकच्या वेळेला हे सगळं झालं. आधीचे दोन मुलगे सुखरूप झाले होते. ही तिसरी, मुलगी, मोठ्या डोक्याची, अडून बसली. शेवटी सुईणीने यनसिलच्या पोटावर गुडघा रोवला आणि "जोर कर गं मेले, जोर कर" म्हणत पोर बाहेर काढली. मग समुद्रशेवाळाचं गरम सार पाजलं, पाठीवर थाप मारली, झालं बाळंतपण. शेतातला सातू कापून व्हायच्या आत यनसिल परत पाण्यात होती. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. तिथं पोटुशी असताना कळा सुरू होईपर्यंत जायचं आणि अंगावर दूध असताना परत यायचं, ही रीतच. घर बायकांच्या दमावर चालतं. पुरुष किनाऱ्यावर तान्ह्याला कडेवर घेऊन उभे असतात, आई वर आली की पाजायला देतात.

एका दुपारी भरलेली जाळी खडकावर ओढताना तिच्या आत काहीतरी सुटलं. आवाज नाही, फार दुखलं असंही नाही. मोठ्या दगडाआड जाऊन तिने हात लावून पाहिलं आणि तिचे डोळेच पांढरे झाले. तिला वाटलं, आतडं पडलं. बोटांनी आत ढकललं, ते गेलं. उभी राहिली, ते परत आलं. त्या दिवसापासून शिंकलं की थेंब, हसलं की थेंब, पाण्याची घागर उचलली की कपड्यांनाच ओल. नवऱ्याला तिने जवळ येऊ देणं बंद केलं. चांगहो बिचारा भला माणूस, त्याला वाटलं बायकोचं आपल्यावरून मन उडालं. तो गप्प गप्प राहायला लागला आणि ती त्याच्याकडे पाठ करून जागी राहायला लागली.

उपाय तिने स्वतःच शोधला. रबरी पोशाख येऊन तेव्हा चार-दोन वर्षं झाली होती. पूर्वी सुती कपड्यात बायका थंडीने कुडकुडत लवकर वर येत. रबराने अंगाची ऊब राहायला लागली आणि त्या अर्धा अर्धा दिवस पाण्यात राहायला लागल्या. पण रबर तरंगतं. खाली जायचं तर कमरेला शिशाच्या वड्या ओवलेला पट्टा हवा. बाकीच्या तो कमरेला बांधत. यनसिलने पोटाला आधी कापड करकचून गुंडाळलं आणि पट्टा पार खाली, ओटीपोटावर, श्वास अडकेल इतका आवळून बांधला. वरून आवळलं की खालचं खाली येणार नाही, असा तिचा हिशेब. हिशेब साफ उलटा होता. खालून उसवलेलं पोतं वरून दाबत बसलं तर आतले दाणे कुठून जाणार? पण हे तिला सांगायचं कुणी? पट्टा बांधला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं त्याला माणूस औषधच समजतं.

वर आल्यावर काळ्या दगडांच्या गोल आडोशात शेकोटी असायची. तिथं बायका कपडे बदलत, अंग शेकत, आणि त्यांच्या जिभा अशा सुटत की एखाद्या पुरुषाने ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवून पळाला असता. म्होरकी गेसेंग, यनसिलची सासू, नेहमी वाऱ्याच्या बाजूला उभी. ती कधी बसायची नाही. पोशाखही घरून चढवून यायची आणि घरी जाऊनच उतरवायची. म्हातारी हाडं वाऱ्याला कशाला दाखवू, म्हणायची. साठी उलटली तरी सगळ्या किनाऱ्यात तिच्याइतका लांब दम कुणाचा नव्हता. ती खाली गेली की वरच्यांचं बोलणं संपायचं, पण ती यायची नाही. नव्या पोरी तर घाबरून तिचा बोया बघत बसायच्या.

"आज रबरात कोण कोण मुतलं? खरं सांगा," दोक्सुनने विचारलं.

"सगळ्याच. त्याशिवाय ऊब राहते होय?" तेइम म्हणाली.

"मी नाही बाई मुतले. माझं आपलं आपणच गेलं. शिंकले की भरती येते माझी."

आडोसाभर हशा पिकला. यनसिलही हसली, पाय घट्ट जुळवून. ही थट्टा तिथं चालायची. त्याच्या पलीकडचं मात्र कुणी बोलत नसे, जणू बायकांचं शरीर तिथंच संपतं.

"आई, दादाच्या जन्माचं सांग ना," तेइमने हट्ट धरला. तिला सातवा महिना लागला होता आणि ती गोष्ट तिने लहानपणापासून पाठ केली होती.

"किती वेळा सांगू?" म्हणत गेसेंगने सांगितलीच. नाव दूर गेलेली, वारा फिरलेला, कळा आलेल्या. दोघींनी धरलं, तिने फळीवर चांगहोला जन्म दिला, शेवाळ कापायच्या कोयत्यानेच नाळ कापली, नवऱ्याच्या कोटात पोर गुंडाळलं. "आणि तिसऱ्या दिवशी परत याच पाण्यात!" शेवटचं वाक्य सगळ्या बायकांनी एकसुरात म्हटलं.

"मला पण नावेतच होऊ दे," तेइम म्हणाली.

"होईल की. माझीच पोर ना तू?" गेसेंगच्या तोंडावर अभिमान मावत नव्हता.

मग तेइम उठली आणि पट्टा बांधायला लागली. पोट पुढे आलेलं, पट्टा कमरेवर ठरेना. "मी आपला वहिनीसारखा खाली बांधते. वहिनी, ओढ गं जरा मागून. अजून आवळ. हां, आता कसं घट्ट वाटतं!"

आणि यनसिलने ओढला. स्वतःच्या हातांनी ओढला, गाठ मारली, वर विचारलंही, "सैल नाही ना?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मिसुकला लस टोचायचं निमित्त करून ती तालुक्याच्या आरोग्य केंद्रात गेली. पोरीची लस झाली तरी ती जागची उठेना. तिथली नर्सबाई पलीकडच्या मुलखातून बदलून आलेली, चष्मेवाली, तिशीची. तिने दार लावून घेतलं आणि यनसिलला आडवं केलं. तपासून तिने हात धुतले.

"अंग बाहेर येतंय तुमचं," शेवटी ती म्हणाली. "कधीपासून?"

"ही झाल्यापासून."

"आणि एवढं घट्ट काय बांधता? कातडीवर वळ उठलेत."

यनसिलने पट्ट्याचं सांगितलं. कुठं बांधते, कसा आवळते, जरा अभिमानानेच सांगितलं. नर्सबाईने कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही त्याला धरत नाही आहात, खाली लोटताय! ओटीपोटाच्या तळाला मांसाची झोळी असते. गर्भाची पिशवी, लघवीची जागा, सगळं तिच्यात बसलेलं. पोटात नऊ महिने ओझं, मग बाळ तिच्यातूनच बाहेर येतं. ती ताणते, कधी फाटते. तिला भरून यायला वेळ द्यायचा असतो. तुम्ही दम कोंडून वरून जोर करता, वर शिसं लादता, वर ती ओली जाळी ओढता. राहील कशी ती?"

"पण पाण्यात बरं वाटतं," यनसिल म्हणाली.

"वाटणारच. पाणी तोलून धरतं. पण माणसाला पाण्यात राहता येतं का?"

यनसिलने मिसुकचं टोपडं नीट केलं. नर्सबाईने तिला समजावलं की मोठ्या दवाखान्यात आत बसवायची रबराची कडी मिळते. लघवी अडवतो तसं आतून आवळायचं आणि सोडायचं, रोज, न चुकता. आणि वर्षभर तरी बुडी नाही, ओझं नाही. वेळेत आलात, म्हणाली. इतक्या लवकर इथं कुणी येत नाही. येतात त्या ते आत जायचं पार बंद झाल्यावर, जखमा होऊन, वास मारायला लागल्यावर. "मी विचारते किती दिवस झाले, तर म्हणतात, पहिल्यापासून."

यनसिल दारापर्यंत गेली आणि वळली. "पोटुशी बाई पट्टा असा खाली बांधत असेल तर?"

"कोण बांधतंय?" नर्सबाईचा आवाज एकदम चढला. "तिला आजच्या आज सोडायला सांगा. तिचं तर अजून व्हायचंय सगळं."

आता बोलायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता, आणि तरी वाटभर यनसिल तोच प्रश्न घोळवत आली. स्वतःचं तिने गिळलं असतं. पण तेइमच्या पोटाखाली गाठ तिने मारली होती. सासूने सांगितल्याशिवाय तेइम ऐकणार नाही, आणि सासूसमोर असलं काही आजवर कुणी बोललं नव्हतं.

एकाच अंगणात दोन घरं, दोन चुली. पुढच्या घरात यनसिलचा संसार, मागच्यात गेसेंगचा. कुणी कुणाच्या चुलीपाशी कारणाशिवाय जात नसे. संध्याकाळी यनसिल गेली. गेसेंग उभ्यानेच मुळा चिरत होती.

"आई, माझं अंग बाहेर येतंय."

सुरी थांबली नाही. "पाण्यात जा. वर जातं."

असं म्हणून गेली म्हातारी, जसं कुणी सर्दीवर आलं सांगावं. मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते. सुरी मुळ्यात अर्धी रुतून राहिली.

यनसिल उंबऱ्यातच उभी होती. कधी न बसणारी सासू. घरून पोशाख चढवून येणारी सासू. सगळ्या किनाऱ्यात नाव असलेला तो लांब दम. तो दम नव्हताच. वर यायला नको असायचं तिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"चांगहोपासून."

"तरी तिसऱ्या दिवशी..."

"तरी नाही, म्हणूनच." गेसेंगने मान वर केली नाही. "जमिनीवर उभं राहवेना गं मला. रांगत गेले मी नावेपर्यंत. बायकांना वाटलं, काय पोलादाची बाई आहे. त्यांनीच गोष्ट केली तिची. मी फक्त ती मोडली नाही."

"मग आता मोडा! तेइमला सांगा. तिने पट्टा टाकायला हवा, घरी राहायला हवं. नर्सबाई म्हणते..."

"नर्सबाई उतरते का पाण्यात?" गेसेंगने सुरी उपसली. "ऐक. भीती कमरेला बांधून खाली गेलेली बाई वर येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्यामागे गावातल्या सगळ्या बायका उतरतात. त्यांना सांगू, की बायांनो, तुमचं हे असं होणार आहे? आणि मग खायचं काय, दगड? परवा शेवाळाचं पाणी खुलं होतंय. त्यात तोंडातून ब्र काढलास तर परत माझ्यामागे पाण्यात पाऊल टाकायचं नाही. सून आहेस म्हणून सोडणार नाही."

"आणि तेइम?"

"तेइम माझी पोर आहे. सोसेल," म्हातारी म्हणाली, पण ते म्हणताना तिने चुलीकडे तोंड फिरवलं.

लाल शेवाळाचं पाणी सगळा हिवाळा बंद असतं. कुणी एक काडीही तोडायची नाही. मग ठरल्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर जमतं, म्होरकी आधी उतरते आणि तिच्यामागे बाकीच्या एकदम. त्या दिवशी जी घरी राहिली तिच्या घराचा वाटा गेला. म्हणून आजारी बायकाही येतात, बाळंतिणीही येतात. आभाळ भरलेलं होतं, पाणी शिशासारखं करडं. पुरुष खडकांवर जाळ्या ओढून घ्यायला उभे होते, चांगहो मिसुकला पाठीशी बांधून त्यांच्यातच.

यनसिल उतरली, बोया पुढे ढकलत सगळ्यांबरोबर आत गेली. बायका एकामागून एक पाय झाडून खाली गेल्या. यनसिल गेली नाही. जाऊच शकली नाही. ती वर बुचासारखी तरंगत राहिली.

गेसेंग वर आली, हातात शेवाळाचा भारा. सुनेकडे बघून तिच्या लगेच लक्षात आलं. "शिसं कुठाय तुझं?"

"घरी."

"घरी?" दोक्सुन फिदीफिदी हसली. "आणि काय, पाण्यावर झोपायला आलीस?"

तेवढ्यात तेइम वर आली. तिची शीळ तुटकी होती, तोंड पांढरं पडलेलं. ओल्या शेवाळाने भरलेली जाळी बोयाखाली लटकत होती आणि ती दोन्ही हातांनी तिला वर खेचत होती, दात आवळून, सगळा जोर खाली लावून. यनसिलला स्वतःच्या आतलं काहीतरी सुटलं तो क्षण आठवला आणि तिला राहवलं नाही.

"तेइम, सोड ती जाळी! पट्टा काढ!"

"काय झालं वहिनी?"

"हिचं डोकं फिरलंय," गेसेंग ओरडली. "कामाला लागा!"

"डोकं नाही फिरलं, अंग बाहेर आलंय माझं!" यनसिल किंचाळली. इतकी मोठ्याने की खडकांवरच्या पुरुषांनीही माना वळवल्या. "त्या पट्ट्याने अजूनच आलं. तेइम, तुझंही येईल. खोटं वाटतं तर आईंना विचार! विचार, त्या कधी बसत का नाहीत! विचार, बाहेर आलेलं बोटांनी आत कसं ढकलायचं!"

पाण्यावर एकही शीळ वाजली नाही. दोक्सुनचं हसू तोंडावरच वाळलं. तेइमने आईकडे बघितलं. बायकांपैकी कित्येक जणींनी पाण्याकडे बघितलं, आणि ते कुणी आधी बघितलं, कुणी नंतर, हे यनसिलला स्पष्ट दिसलं. आधी बघणाऱ्या, वयस्कर तेवढ्या सगळ्या.

शेवाळाचा भारा गेसेंगने जाळीत टाकला, नीट टाकला, एकदा लेकीकडे बघितलं आणि डोकं खाली घातलं. तिचे पाय वर आले, मग तेही गेले.

बायका थांबून राहिल्या. म्हातारीचा दम लांब, हे सगळ्यांना ठाऊक. एक जण खाली जाऊन शेवाळ घेऊन आली. दुसरी गेली, आली. गेसेंगचा बोया लाटेवर डुलत होता आणि त्याच्यापाशी कुणीच नव्हतं. "येईल," दोक्सुन म्हणाली. मग परत म्हणाली, "येईल गं." तिचा आवाज बदलला होता.

यनसिलला ठाऊक होतं ती येणार नाही. या सगळ्या बायकांत तिला एकटीलाच ठाऊक होतं, खाली किती बरं वाटतं ते. आणि तिच्या कमरेला शिसं नव्हतं.

ती पाणी कापत तेइमपाशी गेली, तिच्या पोटाखाली हात घातला आणि स्वतः मारलेली गाठ ओढली. ओली गाठ सुटेना. दातांनी सोडवली. पट्टा आपल्या ओटीपोटाला आवळला, जिथं बांधू नको म्हणून सांगितलं होतं नेमका तिथं, कारण दुसरीकडे बसवायला वेळ नव्हता, आणि गेली.

चार-पाच पुरुष उंचीच्या खोलीवर, शेवाळाच्या झुलत्या जंगलात, गेसेंग बसली होती. उभी नाही, आडवी नाही. बसली होती, दोन खडकांच्या बेचक्यात मांडी घालून, एका हाताने शेवाळाचा बुंधा धरून. दुपारची कामं आटोपून उंबऱ्यावर बसावं तशी. डोळे उघडे होते. सून दिसली तशी तिने हात हलवला: जा, येते मी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कसलाच ताण नव्हता. यनसिलने सासूचा असा चेहरा कधी बघितला नव्हता.

आणि त्या क्षणी यनसिलचंही सगळं वर सरकलं होतं, कंबर हलकी झाली होती, कुठं काही ओढत नव्हतं. शेजारी जागाही होती. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण क्षणभर तिला ती जागा दिसली.

मग छातीत जाळ उठला. तिने म्हातारीची बोटं बुंध्यावरून एकेक करून उचकटली, काखेत हात घालून पायांनी खडक मागे लोटला. अर्ध्या वाटेवर गेसेंग हातपाय मारायला लागली. पृष्ठभागाचा उजेड दिसायला लागला आणि नेमकं तिथंच म्हातारीचं अंग ढिलं पडलं, सगळं वजन यनसिलच्या हातांवर आलं. यनसिलने दम कोंडून जोर केला. आत, खाली, उरलंसुरलं फाटल्याचं तिला कळलं. तरी तिने हात सोडला नाही.

पुरुषांनी दोघींना खडकावर ओढलं. दोक्सुनने पुरुषांना हाकललं, म्हातारीला कुशीवर वळवलं, पाठीत गुद्दे घातले. श्वास येईना. "फाडा तो पोशाख!" कुणीतरी ओरडलं. शेवाळाच्या कोयत्याने गळ्यापासून खालपर्यंत रबर चिरलं. त्याच्या आत कापडाचे पट्टे होते, आडवे, उभे, गाठींवर गाठी, इतक्या वर्षांचे की काहींचा रंग कातडीचाच झालेला. दोक्सुनने तेही कापले. मग ते सगळं सैल झालं आणि गेसेंगने जन्मभर काय आवळून धरलं होतं ते त्या राखाडी उजेडात सगळ्यांना दिसलं. एका तरुण पोरीने तोंडावर हात दाबला. म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या आणि पुरुषांकडे पाठ करून आपल्या अंगांचा आडोसा केला.

गेसेंगच्या तोंडातून पाणी आलं, मग खरखर, मग श्वास. तेइम गुडघ्यांवर बसली, पोट सावरत, आणि तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं. "आई, आई गं, काय झालं तुला? बोल ना."

म्हातारीने डोळे उघडले. आभाळ बघितलं, लेकीला बघितलं. खडक पाठीला टोचत होता, वारा सुटला होता, आणि तिच्या अंगाचं सगळं वजन परत तिच्यात उतरत होतं. ती कण्हली. असा आवाज तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता, नावेतही नाही.

"मला परत पाण्यात सोडा गं," ती म्हणाली. "इथं दुखतं."